मारियो सोआरिश आणि १९७४ चा करार

पोर्तुगालचे माजी राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरिश यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना आपल्या लेखात आपण १९८६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर भर दिला आहे; आम्हा गोमंतकीयांना अधिक जवळची असलेली घटना मात्र त्यात राहून गेली, म्हणून ही भर घालतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने ते अखेरपर्यंत मान्य केले नाही आणि लिस्बनच्या दप्तरी गोवा पोर्तुगालचाच राहिला. ज्या सोआरिश यांना त्या राजवटीने वारंवार तुरुंगात टाकले आणि १९६८ मध्ये साओ तोमे बेटावर हद्दपार केले, तेच ती राजवट उलथवणाऱ्या एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर परराष्ट्रमंत्री झाले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर त्यांनी सही केली. भारताच्या वतीने सही होती यशवंतराव चव्हाणांची, याचा मला फार अभिमान वाटतो.

करारातील शब्दयोजनाही बारकाईने पाहण्याजोगी आहे. ही मान्यता सहीच्या दिवसापासून नव्हे, तर हे प्रदेश भारतीय संविधानानुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून दिलेली आहे. मधली तेरा वर्षे पोर्तुगालने अशा रीतीने स्वतःहून भारताच्या खाती मांडली.