लंगोटावरचा काळा डाग

'असले दुर्मिळ आजार लॅबमध्येच कळतात, घरच्यांना काय दिसणार' असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. आमच्या अमळनेरच्या घरी भाचीचा अल्काप्टोन्युरिया (लघवी हवेत राहिली की काळी पडते असा दुर्मिळ आनुवंशिक आजार) आधी लक्षात आला तो माझ्या आईच्या. रात्रीचे लंगोट मोरीत पडून राहिले की ओली जागा तपकिरी-काळी व्हायची, आणि साबण लावला की डाग निघायचा सोडून आणखी गडद! 'बाळाला पाणी कमी पडतंय' म्हणून दोन दवाखान्यांनी परत पाठवलं, याचा राग अजून जात नाही. शेवटी लघवी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवली. सकाळी नेहमीसारखी पिवळी, संध्याकाळी कोऱ्या चहासारखी. ती बाटली घेऊनच जळगाव गाठलं, तेव्हा कुठे होमोजेंटिसिक ॲसिडची, म्हणजे या आजारात शरीरात साचून लघवीत उतरणाऱ्या आणि ती काळी करणाऱ्या पदार्थाची, तपासणी झाली.

लहानपणी हा डाग निसटला तर आजार बहुतेकदा तिशीनंतर कंबर-गुडघ्यांच्या दुखण्यातून वर येतो, तोवर आतली कूर्चा काळवंडलेली असते. घरात कोणी ऐन तिशीत कंबर धरून बसलं असेल तर कानाच्या कडेची निळसर झाक आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातले तपकिरी ठिपके नक्की बघा. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचं सदोष जनुक बाळगून असले, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची 25 टक्के शक्यता असते. नात्यात लग्न झालं की दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते, आणि आमच्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, आत्याच्याच घरी दिलेलं आहे.