मदत हवी आहे: यवतेश्वर घाट उतरताना ब्रेक गेला आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप परत आला, नक्की काय झालं असेल?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे, मी आणि बायको, दोघंच. दोन वर्षांपूर्वी एक जुनी १२ सीटर डिझेल गाडी घेतली, सीटा काढल्या, आत प्लायचा पलंग, छोटा ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी, ५ किलोचा सिलिंडर असं सगळं बसवून घेतलं. (आरटीओचे सोपस्कार झालेत, त्यावर इथे नको, तो वेगळा धागा होईल.) लेक तिला फिरतं घर म्हणते आणि आमच्या गल्लीतली पोरं आईस्क्रीमची गाडी.

गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला निघालो, पेठ नाका, कराड करत नऊच्या आत साताऱ्यात, तिथून समर्थ मंदिरावरून वर कासला. फुलं संपत आलेली, गर्दी नाही, मस्त. पुढे बामणोलीला शिवसागरच्या कडेला गाडी लावली, हिने दार उघडं टाकून पिठलं-भात केला, बोटवाले येऊन आत डोकावून गेले. इथवर गाडीने काही म्हणजे काही त्रास दिला नाही, चढ पण मजेत चढली.

परत येताना साधारण पाचला घाट उतरायला लागलो. तीन-चार वळणं झाली असतील, ही म्हणाली अहो काहीतरी जळल्यासारखा वास येतोय, मी म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हता. पुढच्या वळणावर ब्रेक मारला तर पेडल एकदम मऊ, लोण्यात पाय गेल्यासारखं खाली, आणि गाडी थांबायचं नावच घेईना! भराभर पंप मारले तेव्हा थोडा लागला, मग दुसरा गिअर टाकला, हळूहळू हँडब्रेक ओढत डोंगराच्या बाजूला रुंद जागा होती तिथे कशीबशी उभी केली. हिने उतरून आधी चाकाला दगड लावला आणि मग मला बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही.

पुढची चाकं एवढी तापलेली की जवळ हात नेववत नव्हता. मी टाकीचं पाणी मारणार तेवढ्यात एक दूधवाला मोटरसायकल थांबवून ओरडला, "ओ सायेब, पाणी नका मारू, डिस्क चिरंल!" त्याच्याकडूनच अर्धा लिटर दूध घेतलं आणि ओट्यावर चहा ठेवला, त्याला पण दिला. पस्तीस-चाळीस मिनिटांनी पेडल दाबून बघितलं तर टणक, पहिल्यासारखं. पहिल्या-दुसऱ्यात उतरलो, शहरात येऊन कंदी पेढे घेतले (कशाबद्दल ते विचारू नका) आणि अंधार पडल्यावर घरी.

आता गंमत अशी की इथला एक मेकॅनिक म्हणतो ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय, काढून देतो, दुसरा म्हणतो मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवतो तो) दोन्ही बदला. तिसरा म्हणतो तुम्ही गाडीत घर भरलंय, वजनाने झालं. पुढच्या आठवड्यात वाईवरून पसरणी घाट चढून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळीने पोलादपूरला उतरायचं ठरलंय. कोणाचं ऐकू? जावं का?

प्रतिसाद १
काका, वजनाचं सोडून द्या. १२ माणसं ६५ किलोची धरली तरी ७८० किलो होतात, तुमचं पाणी, प्लाय आणि तुम्ही दोघं मिळून तेवढं होणार नाही, फक्त टाकी एकदम मागे असेल तर पुढे सरकवा. मुद्दा असा की चाकाला घासून गाडी थांबवणारे लायनर किंवा पॅड तापून पकड गेली तर पेडल टणक राहतं पण गाडी थांबत नाही. तुमचं मऊ झालं आणि गार झाल्यावर परत आलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून आत वाफ झाली, ऑइल दबत नाही पण वाफ दबते. हवा शिरली असती किंवा मास्टर सिलिंडर गेला असता तर गार झाल्यावरही पेडल मऊच राहिलं असतं. ऑइल शेवटचं कधी बदललं? आणि घाट कितव्या गिअरमध्ये उतरत होता?

धागाकर्ता
ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलं नाही, कमी झालं की वरून टाकतो. गिअरचं... बायकोने धागा वाचला आणि म्हणाली मुख्य गोष्ट लिहिलीच नाही. तर लिहितो. न्यूट्रल होती. उतारावर डिझेल वाचतं म्हणून मी वीस वर्षं तसंच करत आलोय.

प्रतिसाद २
अहो दादा!! वाचत काहीच नाही. गिअरमध्ये ठेवून एक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांनी फिरतं आणि पंप डिझेल बंद करतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वर सगळा भार एकट्या ब्रेकवर. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवीन डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की तो आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे २३० आणि १५५. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर काय लिहिलंय ते बघून सगळं ऑइल बदला, दर दोन वर्षांनी बदला. होज पाइप आणि पॅड पण बघून घ्या, तापून कडक झाले असतील. आणि ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा.

धागाकर्ता
आज बदललं. जुनं ऑइल बाहेर आलं ते बिनदुधाच्या चहासारखं, मेकॅनिक पण गप्प झाला. पॅड चकचकीत काचेसारखे झालेले, नवीन टाकले, बूस्टर-मास्टर सिलिंडर आहे तोच. पसरणी नक्की. आंबेनळीला ही म्हणते मी येते, पण गिअरच्या दांड्यावर हात माझा राहील.