'ट्रान्झिशनल अल्बम' आणि 'गिटार-ड्रिव्हन': मराठीत काय म्हणावं?

एका दिवाळी अंकासाठी कॅनडाच्या रश या बँडवर लेख लिहितोय. बाकी सगळा झालाय, एका वाक्यापाशी मात्र आठवडाभर अडकलोय. वाक्य त्यांच्या १९८९ च्या 'प्रेस्टो'बद्दल आहे. इंग्रजीत त्याला सर्रास ट्रान्झिशनल अल्बम म्हणतात आणि गिटार-ड्रिव्हन आवाजाकडे ते पुन्हा वळले ते इथून, असं सांगतात. मला हे दोन्ही शब्द मराठीत हवेत, आणि वाचणाऱ्याच्या कानात काहीतरी वाजलं पाहिजे असे हवेत.

ज्यांनी रश ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोरांटोचं त्रिकूट. गेडी ली बास गिटार वाजवायचा, गायचा आणि कीबोर्डही सांभाळायचा. अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर. नील पीअर्ट ड्रमवर, आणि बहुतेक गाण्यांचे शब्दही त्याचेच. १९७६ च्या '२११२'मध्ये तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारी रचना होती आणि तिचा कणा गिटार होती. १९८२ च्या 'सिग्नल्स'पासून सिंथेसायझर पुढे सरकला. 'पॉवर विंडोज' (१९८५) आणि 'होल्ड युअर फायर' (१९८७) ऐकताना तर लाइफसन कीबोर्डच्या थरांमधून फट शोधत वाजवतोय असं वाटतं. पुढे 'प्रेस्टो', मग 'रोल द बोन्स' (१९९१), आणि १९९३ च्या 'काउंटरपार्ट्स'मध्ये गिटार पूर्ण ताकदीनिशी समोर.

आता शब्द. 'संक्रमणकालीन' हा पहिला सुचतो आणि व्याकरणाने बरोबरही आहे. पण हिंदीत संक्रमण म्हणजे संसर्ग, आणि करोनाच्या काळात तो अर्थ टीव्हीवरून आपल्याही कानात मुरला. शिवाय 'कालीन' लागलं की कालखंडाबद्दल बोलतोय असं होतं. मला कृतीबद्दल बोलायचंय. 'स्थित्यंतर' हा शब्द समाजाला, राज्याला शोभतो, दहा-अकरा गाण्यांना तो फार मोठा होतो. 'संधिकाळ' सुंदर आहे, पण पुन्हा काळच.

मग हिंदुस्थानी संगीताचं शास्त्र मांडणारे भातखंडे आठवले. त्यांच्या रागविचारात 'परमेलप्रवेशक राग' अशी संज्ञा आहे: एका मेलातून, म्हणजे थाटातून, दुसऱ्या मेलात नेणारा राग. मुलतानी घ्या. त्यातला कोमल गंधार मागच्या प्रहराचा, भीमपलासीच्या वेळेची आठवण ठेवणारा. कोमल रिषभ आणि कोमल धैवत मात्र पुढे येणाऱ्या 'पूर्वी' रागाची चाहूल देतात. मागचंही आहे, पुढचंही आहे, आणि तरी मुलतानी हा पूर्ण राग आहे. त्याला अर्धवट म्हणायची कुणाची छाती होणार नाही. मला 'प्रेस्टो'साठी नेमका हाच मान हवाय. ट्रान्झिशनल म्हणताना इंग्रजीत एक उपकाराचा सूर असतो, की बिचारा अजून पोचला नव्हता. मला तो सूर मराठीत आणायचा नाही.

'गिटार-ड्रिव्हन'साठी 'गिटारचालित' केलं तर शेतातला पंप वाटतो. 'गिटारप्रधान' चालेल, भक्तिप्रधान, नायिकाप्रधान आपण म्हणतोच. पण 'प्रधान'मधून मान कळतो, काम कळत नाही. मला 'अंग' हा शब्द जवळचा वाटतोय. सतार गायकी अंगाने, म्हणजे गाण्याच्या ढंगाने वाजवतात, किंवा तंतकारी अंगाने, म्हणजे तंतुवाद्याच्या स्वतःच्या ढंगाने वाजवतात. तसं 'गिटारच्या अंगाने बांधलेलं गाणं'. 'प्रेस्टो'चं पहिलंच गाणं 'शो डोन्ट टेल' ऐका. थोडी शांत सुरुवात, आणि मग गिटार, बास, ड्रम तिघे मिळून तुटक, आडवळणी लयीत एकच तुकडा हाणतात. त्यातले कीबोर्ड मनातल्या मनात काढून टाका, गाणं उभं राहतं. तो तुकडा काढा, सगळं कोसळतं. 'अंग' म्हणजे मला हे म्हणायचंय.

काय वाटतं?

प्रतिसाद १

'परमेलप्रवेशक' वाचून फार आनंद झाला, कारण ही संज्ञा मी परीक्षेसाठी पाठ केली होती आणि नंतर कुठेच भेटली नाही. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला ती समजावून सांगावी लागेल, आणि तुमचा परिच्छेद तिथेच खर्ची पडेल.

'सांधा' कसा वाटतो? माझे वडील रेल्वेत होते, आमच्या घरात हा शब्द रोजचा. गाडी सांधा बदलते तेव्हा खडखडाट होतो, आणि काही क्षण पुढचे डबे नव्या रुळावर, मागचे जुन्या रुळावर असतात. एकच गाडी, दोन रुळांवर. तुम्ही सांगताय तो अल्बम मला असाच दिसला. 'सांधेबदलाचा अल्बम' म्हटलं तर कुणाला टीप द्यावी लागणार नाही.

प्रतिसाद २

माझा आक्षेप तुमच्या 'पुन्हा वळले'वर नाही, तो शब्द तुम्ही योग्य वापरलात. पण लेखात चुकूनही 'मूळपदावर आले' लिहू नका. मूळपदावर येते ती बिघडलेली गाडी. म्हणजे मधली सिंथेसायझरची वर्षं बिघाड होती असा निकाल त्या शब्दातच लागतो, आणि 'सबडिव्हिजन्स'सारखं गाणं त्याच वर्षांमधलं आहे. 'पुनरागमन'ही नको, ते मैदान सोडून गेलेल्याचं होतं.

'समेवर आले' म्हणा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तीच असते पण आवर्तन पुढचं असतं. 'काउंटरपार्ट्स'मध्ये गिटार परत आली तरी वीस मिनिटांच्या रचना परत आल्या नाहीत.

आणि रशच्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात, त्यातलं 'प्रोग्रेसिव्ह' तसंच ठेवा. 'पुरोगामी रॉक' म्हटलं की वाचक फुले-आंबेडकरांकडे जाईल, आणि 'प्रागतिक'वर नेमस्तांचा जुना शिक्का आहे.

प्रतिसाद ३

'अंग' आवडला, पण मग प्रामाणिकपणे वापरा. 'प्रेस्टो'मध्ये सगळी गाणी गिटारच्या अंगाची नाहीत. शेवटचं 'अव्हेलेबल लाइट' पियानोवर उभं आहे. 'द पास' सुरू होतं बासवर. निर्माता रूपर्ट हाइन, तो स्वतः कीबोर्ड वाजवणारा. आणि खरं बोलायचं तर गिटार पुढे आली असली तरी तिचा आवाज पातळ आहे, भरीवपणा 'काउंटरपार्ट्स'मध्ये आला.

लेखक

तिघांचेही मनापासून आभार.

पातळपणाचं मान्य. वर्षानुवर्षं ऐकतोय, तरी ती गिटार मला पाण्यावरच्या उन्हासारखी वाटते, चमकते पण वजन नाही. 'पातळ' हाच शब्द लेखात ठेवतो, त्याला दुसरा गोंडस शब्द शोधत नाही. आणि 'सगळा अल्बम गिटारच्या अंगाचा' असं लिहिणार होतो, ते 'बरीचशी गाणी' करतो.

'समेवर' मात्र मी घेणार नाही. सम ठरलेली असते, ऐकणाऱ्याला ती येणार हे आधीच ठाऊक असतं. १९८७ मध्ये 'होल्ड युअर फायर' ऐकणाऱ्याला पुढे गिटार येईल याची काहीच खात्री नव्हती. आपण आज मागे वळून बघतो म्हणून ती सम वाटते.

'सांधा' घेतला. दोन रुळांवरची एक गाडी डोळ्यांसमोरून हलत नाहीये. पण मुलतानी सोडवत नाही, म्हणून ती पुढच्या वाक्यात ठेवतोय, संज्ञेशिवाय. वाक्य आता असं झालंय:

'प्रेस्टो हा रशचा सांधेबदलाचा अल्बम. मुलतानीत जसा मागच्या प्रहराचा गंधार आणि पुढच्या प्रहराचा रिषभ एकत्र नांदतात, तशी इथे 'होल्ड युअर फायर'ची चकाकी आणि गिटारच्या अंगाने बांधलेली नवी गाणी एकत्र नांदतात.'

'नांदतात' दोनदा आलंय. दुसऱ्या जागी काय घालू?

प्रतिसाद १

काही घालू नका. दुसरं 'एकत्र नांदतात' काढा आणि 'तशी'नंतरचं वाक्य 'गाणी'वरच थांबवा. क्रियापद पहिल्या अर्ध्यातून आपोआप ऐकू येतं.