लांब पल्ल्याच्या सायकलचे हँडल खाली घेतल्याने वेग वाढेल का?

तापीकाठ, चोपडा
श्रावणात चोपड्याहून शिरपूर, शहादामार्गे सायकलने तोरणमाळला जाऊन आलो. मागच्या कॅरियरवर १२ किलो सामान होते. टायर २८ मिलिमीटरचे आणि त्यांत हवेचा दाब १०० पीएसआय. शिरपूर सोडल्यावर पश्चिमेचा वारा असा समोरून लागला की ताशी १४ किलोमीटरच्या वर वेग जाईना. शहाद्याला पोहोचेपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर झाले, गुडघ्याच्या वाटीपुढे दुखू लागले. बसायला बरे वाटते म्हणून सीटचे टोक मी थोडे खाली झुकवलेले आहे. वाऱ्यासाठी हँडल आणखी खाली घ्यावे का?

जुना आरा, जळगाव
हँडलला इतक्यात हात लावू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सीटचे टोक खाली असले की शरीर सतत पुढे घसरते आणि ते थोपवण्याचे काम तळहातांना करावे लागते. करंगळीच्या बाजूने जाणारी नस त्यात दाबली गेली की नेमकी हीच दोन बोटे बधिर होतात. गवंड्याची लेव्हल सीटवर ठेवून ती आधी सपाट करावी. मग भिंतीचा आधार घेऊन, पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय पूर्ण सरळ झाला तर उंची बरोबर आहे, कारण चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात हलका वाक राहतो. वाटीपुढचे दुखणे बहुधा सीट बसकी असल्याने होते, मागच्या बाजूचे ती फार उंच असल्याने. जुन्या जागी चिकटपट्टी लावून एका वेळी ५ मिलिमीटरच बदल करावा. माझी सीट अनेक वर्षे दीड सेंटिमीटर खाली होती. ती वर घेतल्यावर महिन्याभरात गुडघा दुखायचा थांबला.

पांझरा, धुळे
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु वाऱ्याची शंकाही रास्त आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे वारा नसतानाही ताशी २० वरून २२ किलोमीटरवर जायचे तर हवेपुरती तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताकद लागते, आणि सर्वांत मोठा अडथळा आपल्याच अंगाचा असतो. तरीही खाली घेतलेल्या हँडलवर मान अवघडून आपण अर्ध्या तासात उठून बसणार असू, तर त्या बदलाचा उपयोग नाही. हँडल सीटच्या पातळीला ठेवून, वारा आला की कोपर वाकवून छाती खाली आणण्याची सवय लावावी.

सातपुडा, नंदुरबार
टायरचा विषय राहिला. उखडलेल्या डांबरावर १०० पीएसआयचा बारीक टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि पुढे जायची ताकद हादऱ्यात वाया जाते. चिमट्यात (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) आणि मागे जागा असेल, तर ३८ मिलिमीटरचे टायर बसवून मागे साधारण ५५ आणि पुढे ४५ पीएसआय हवा ठेवावी. घाटासाठी पुढे २८ आणि मागे ३४ दात्यांचा गिअर असावा; मिनिटाला ७० फेरे मारले तरी वेग ताशी सातएक किलोमीटरच पडतो, पण गुडघा शाबूत राहतो.

तापीकाठ, चोपडा
लेव्हल लावली, टोक बोटभर खाली निघाले. सीट सपाट केली आहे. उद्या पहाटे धरणगावापर्यंत जाऊन येतो. हँडल तूर्त आहे तिथेच ठेवतो.