मदत हवी आहे: समुद्रावर जलस्तंभ दिसला तर बोटीवरच्या माणसांनी काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही वर्सोवा कोळीवाड्यातले. माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. नारळी पुनव झाली की बोटी बाहेर पडतील, त्याआधी एका गोष्टीची नीट माहिती हवी आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांना लांबवर एका काळ्या ढगाच्या बुडातून निमुळतं काहीतरी खाली लोंबताना दिसलं. त्याच्या खाली पाण्याचे तुषार गोल फिरत होते. थोड्या वेळाने सगळं विरलं, कुणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून खलाशांत दोन तट पडलेत. जुनी माणसं म्हणतात, ढग समुद्राचं पाणी वर ओढतो, बोटही ओढून नेईल. तरणी पोरं म्हणतात, ती नुसती वाफ आहे, आरपार जाता येतं. मला या पोरांचीच जास्त काळजी वाटते.

हा प्रकार होतो कसा? आधी ओळखता येतो का? समोर आला तर बोट कुठे वळवायची? सोप्या मराठीत सांगा, छापून बोटीवर लावणार आहे.

प्रतिसाद १

ताई, हवामानशास्त्र माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जलस्तंभ, म्हणजे वॉटरस्पाउट, हा वेगाने फिरणाऱ्या हवेचा खांब असतो. आपल्याला दिसतो तो भाग समुद्राच्या पाण्याचा नसून ढगाचा असतो. भोवऱ्याच्या आत दाब कमी होतो, हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. समुद्राचं पाणी फक्त तळाशी, तुषारांच्या रूपात उडतं. तेव्हा ‘पाणी ओढतो’ हे खरं नाही. पण ‘नुसती वाफ’ म्हणणं त्याहून धोक्याचं, कारण वाफेभोवतीचा वारा खरा असतो.

याचे दोन प्रकार. एक गडगडाटी वादळातून खाली उतरतो. तो म्हणजे पाण्यावरचा टोर्नेडोच, सोबत गारा, विजा, सोसाट्याचा वारा. दुसरा जास्त वेळा दिसणारा आणि सौम्य. पाणी कोमट, वारा मंद, वर झपाट्याने उंच वाढणारे ढग अशा वेळी तो होतो. गंमत म्हणजे तो खालून सुरू होतो. दोन दिशांचे वारे समुद्रावर जिथे भेटतात, उदाहरणार्थ किनाऱ्याकडून येणारा मतलई वारा आणि समुद्रावरचा वारा, तिथे हवेला हलका पीळ पडतो. त्याच्या बरोबर वर वाढता ढग आला की ढगाकडे चढणारी हवा तो पीळ ताणून उंच आणि अरुंद करते. गिरकी घेताना हात आखडले की वेग वाढतो, तसाच इथेही वाढतो.

जोसेफ गोल्डन या अमेरिकी शास्त्रज्ञाने फ्लोरिडा कीज या अमेरिकेतल्या बेटांजवळच्या समुद्रावर विमानातून निरीक्षणं करून याच्या पाच अवस्था सांगितल्या: पाण्यावर काळसर डाग, डागाभोवती सर्पिल पट्टे, तुषारांचं कडं, पूर्ण वाढलेला स्तंभ आणि शेवटी ऱ्हास. डाग उंचावरून दिसतो, बोटीवरून सहसा नाही. तुमच्या भावाला पहिली खूण मिळेल ती फिरणाऱ्या तुषारांची किंवा ढगाच्या सपाट काळ्या बुडातून लोंबणाऱ्या टोकाची. टोक अर्ध्यावर असलं तरी भोवरा पाण्यापर्यंत पोचलेला असू शकतो. हे वाक्य ठळक छापा. ढगातून पाऊस पडू लागला की त्यासोबतची थंड हवा खाली पसरते आणि सौम्य स्तंभ बहुधा मरतो. आयुष्य साधारण ५ ते २० मिनिटांचं.

प्रतिसाद २

व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे, म्हणून फक्त बोटीपुरतं सांगतो.

आरपार जायचा विचारही नको. स्तंभ ज्या दिशेने सरकतोय तिच्याशी काटकोनात निघायचं. तो कुठे सरकतोय हे कळायला बोट एका दिशेने ठेवून कंपासवर त्याचा कोन बघा. कोन तोच राहतोय आणि स्तंभ मोठा दिसतोय, म्हणजे तो तुमच्याकडेच येतोय.

जाळं पाण्यात असेल तर ट्रॉलर पटकन वळत नाही. म्हणून जाळं ओढायचा निर्णय ढगाचं बूड काळं दिसतानाच घ्यायचा. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर, क्रेट आणि ताडपत्री बांधलेली, झाकणं बंद, माणसं केबिनमध्ये. भोवरा अंगावरून गेला तर वारा क्षणात दिशा बदलतो, त्यामुळे डेकवर उभं राहू नये. मदतीसाठी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. हवामान खात्याच्या रडारवर हा दिसतो का? आणि रात्री काय करायचं? ही माणसं रात्रीही समुद्रातच असतात.

प्रतिसाद १

कुलाबा आणि वेरावलीच्या डॉप्लर रडारवर ढग आणि पाऊस चांगला दिसतो. पण स्तंभ फार अरुंद असतो. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे लांब अंतरावर रडारचा झोत समुद्राच्या बराच वरून जातो. म्हणून ‘अमुक ठिकाणी जलस्तंभ’ असा नेमका इशारा मिळेल, असं धरून चालू नका. मच्छीमारांसाठीचा इशारा आणि गडगडाटी पावसाचा अंदाज मात्र रोज बघाच, तोही किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेपर्यंत.

रात्री स्तंभ दिसणारच नाही, फार तर विजेच्या उजेडात. तेव्हा स्तंभ शोधत बसू नये, ढगच टाळावा. गडगडाटी ढगाखालून अचानक सुटणारा वारा तुमच्या बोटीला सौम्य जलस्तंभापेक्षा जास्त घातक ठरू शकतो. चालता वारा एकदम पडला किंवा पावसाआधी गार झोत आला, तर तो वारा जवळ आलाय असं समजून बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा. बोटीवर रडार असेल तर त्यावर पावसाचा पट्टा दिसतो. तो कुठे सरकतोय हे बघून त्याच्या वाटेतून आधीच बाजूला व्हा.