आपल्याच जमिनीत उगवलेली अळंबी खावी का?

रानवेडा (धागाकर्ता):

"रानातल्या अळंबीला हात लावू नये" हा सल्ला सगळ्यांना एकाच सुरात दिला जातो. अनोळखी जंगलात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला तो द्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण स्वतःच्या जमिनीत, दरवर्षी त्याच झाडाखाली, साधारण त्याच सुमारास उगवणाऱ्या अळंबीलाही तोच नियम लावायचा, हे मला पटत नाही.

माणसं चुकतात ती बहुतेक वेळा घाईमुळे. भटकताना एक दिसली, देठ वरच्यावर मोडला, पिशवीत टाकली आणि घरी येऊन फोटोंशी ताडून बघितली. बुड मातीतच राहिलं. अमानिटा कुळातल्या जीवघेण्या अळंब्यांची मोठी खूण म्हणजे बुडाशी असलेली पिशवी, आणि तीच नेमकी मागे राहिली. आपल्या जमिनीत ही घाई नसते. आज बोंड वर आलं, मग छत्री उघडली, गिल्सचा, म्हणजे छत्रीखालच्या पातळ पापुद्र्यांचा, रंग बदलला, शेवटी सडली, हे सगळं एकाच जागी बघायला मिळतं. शेजारी कुठलं झाड आहे, खाली कुजकं लाकूड आहे की नुसती माती की वारूळ, हे आधीच ठाऊक असतं. एखादी मुळासकट उकरून चिरून टाकली तरी जीव हळहळत नाही.

ज्याची एक-दोन हंगाम नुसतं बघायची आणि नोंदी करायची तयारी आहे, त्याने आपल्या जमिनीतल्या एक-दोन जाती पक्क्या शिकून खाव्यात. एक-दोनच, दिसेल ती प्रत्येक नाही. बोला.

सावध_पाऊल:

साफ असहमत. जमीन तुमची असेल हो, पण बुरशीला कुंपण कळत नाही. गेल्या वर्षापर्यंत नसलेली जात यंदा उगवू शकते. अमानिटा फॅलॉइडिस, म्हणजे ती कुप्रसिद्ध डेथ कॅप, मूळची युरोपातली. आज ती ऑस्ट्रेलियात आहे, उत्तर अमेरिकेत आहे. गेली कशी? लोकांनी हौसेने नेलेल्या ओकसारख्या झाडांच्या मुळांबरोबर. ही बुरशी मुळांच्या सोबतीनेच जगते, त्यामुळे रोप जिथे गेलं तिथे तीही गेली. म्हणजे थेट बागांत आणि रस्त्याकडेच्या झाडांखाली. तुम्ही नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीत काय आलं, हे कळायला काही वर्षं जावी लागतात, आणि कळतं तेही छत्री वर आल्यावर.

अनोळखी रानात माणूस निदान दोनदा विचार तरी करतो. परसात उगवलेल्या गोष्टीवर तो संशयच घेत नाही. तुम्ही ज्याला फायदा म्हणताय तोच मला खरा धोका वाटतो.

आजीचा_बटवा:

एवढं काय घाबरायचं? जुन्या लोकांच्या सोप्या परीक्षा आहेत की. शिजवताना चांदीचा चमचा टाकायचा, काळा पडला तर विषारी. लसूण टाकला तर तोही काळा पडतो. आणि गोगलगाईंनी, किड्यांनी खाल्लेली असेल तर बिनधास्त खावी, जनावरांना कळतं.

बीजाणू:

बटवाताई, राग मानू नका, पण या तिन्ही परीक्षा पुसून टाका. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. डेथ कॅपमधल्या अ‍ॅमाटॉक्सिन या विषाचा चांदीशी काही संबंध नाही. लसणाचं तेच. आणि गोगलगायी डेथ कॅप आरामात खातात, त्यांचं शरीर वेगळं. भडक रंगाची तेवढी वाईट, हीही त्यातलीच समजूत. डेथ कॅप फिक्कट हिरवट-पिवळी, अगदी सोज्वळ दिसते. ती खाऊन वाचलेल्या लोकांनी चव छान होती असं सांगितलेलं आहे.

आता मूळ मुद्दा. रानवेडा नोंदींबद्दल बोलले, पण बीजाणूंच्या ठशाबद्दल एक अक्षर नाही, आणि माझ्या मते त्याशिवाय ही चर्चाच फोल आहे. उघडलेल्या अळंबीचा देठ कापायचा, छत्री गिल्स खाली करून कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. वरून वाटी पालथी घालायची, म्हणजे वारा लागत नाही आणि ओल टिकते. रात्रभर तशीच राहू द्यायची. सकाळी गिल्सची नक्षी जशीच्या तशी कागदावर उतरलेली असते, आणि तिचा रंग बघायचा.

हा रंग किती कामाचा आहे बघा. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात ती व्होल्व्हारिएला अळंबी आणि डेथ कॅप, दोघींच्या बुडाशी पिशवी असते. बोंडं तर इतकी सारखी की भलेभले फसतात. पण व्होल्व्हारिएलाचा ठसा गुलाबीसर, अमानिटाचा पांढरा. आणखी एक फरक म्हणजे डेथ कॅपच्या देठावर कडं असतं, व्होल्व्हारिएलाच्या नसतं. मात्र ते गळून गेलेलं असू शकतं, म्हणून एकट्या कड्यावर भरवसा नाही. लॉनवर उगवणारी मोठी पांढरी छत्री, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, खायच्या जातींसारखीच दिसते. गिल्स बरेच दिवस पांढऱ्या राहतात. ठसा घेतला की हिरवट येतो, इतर अळंब्यांत क्वचितच दिसणारा. ती सहसा जीव घेत नाही, पण उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो.

तर ठसा घेणाऱ्यांपुरती मी रानवेडांच्या बाजूने, बाकीच्यांसाठी सावध_पाऊल यांच्या.

किरकोळ_शंका:

दोन भाबडे प्रश्न. फोनवरची ओळख सांगणारी अ‍ॅप्स चालत नाहीत का? आणि आधी थोडीशी खाऊन एक दिवस थांबलं तर?

बीजाणू:

अ‍ॅपला वास येत नाही, बुड दिसत नाही आणि ठसाही माहीत नसतो. नाव शोधायला कुठून सुरुवात करावी, एवढ्यापुरतं ठीक. ताटात घ्यायचा निर्णय त्यावर नको.

थोडीशी खाऊन बघणं ही परीक्षा ओळख पक्की झाल्यानंतरची आहे. चांगल्या जातीचीही काहींना अ‍ॅलर्जी असते, पोट बिघडतं, म्हणून पहिल्यांदा कमी खायची, नीट शिजवून खायची, दोन जाती एकत्र करायच्या नाहीत. विषारी आहे का हे त्यातून ठरवायला जाल तर फसाल. पुढचं ज्यांचा हा विषय आहे त्यांनी सांगावं.

रातपाळी:

सांगते, माझं काम रुग्णालयातलं आहे. डेथ कॅप खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. माणूस जेवून झोपतो. मग जोराच्या उलट्या आणि जुलाब. एक-दीड दिवसाने ते ओसरतात, रुग्णाला बरं वाटू लागतं, घरचे म्हणतात चला सुटलो. खरं तर यकृताचं नुकसान तेव्हा आत चालूच असतं. हे विष पेशींमधलं आरएनए पॉलिमरेज २ नावाचं एन्झाइम बंद पाडतं, पेशीला नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत आणि ती मरते. उकळून, वाळवून, गोठवून या विषावर परिणाम होत नाही. काहींना यकृत बदलण्यावाचून पर्याय उरत नाही. एका मोठ्या माणसाला एखादी अळंबी पुरते, म्हणजे 'थोडीशी' म्हणजे नक्की किती, हे तुम्हीच सांगा.

काही जाती आणखी उशिरा दगा देतात. कॉर्टिनेरियस कुळातल्या काहींमध्ये ओरेलानिन असतं, ते मूत्रपिंडं निकामी करतं आणि लक्षणं दिसायला कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. ब्रिटिश कादंबरीकार निकोलस इव्हान्स यांची गोष्ट जगजाहीर आहे. २००८ साली स्कॉटलंडमध्ये नातेवाइकांच्या इस्टेटीवर गोळा केलेल्या अळंब्या त्यांनी घरच्यांबरोबर खाल्ल्या. पुढे डायलिसिस, आणि २०११ मध्ये मुलीचं मूत्रपिंड बसवावं लागलं. रानवेडा, तीही घरचीच जमीन होती.

शंका आली तर उलटी होण्याची वाट न बघता निघा, आणि उरलेली अळंबी, सालं, कचऱ्यातले तुकडे बरोबर घ्या. उपचार जातीवर अवलंबून असतात.

रानवेडा:

रातपाळी, इव्हान्स यांच्या गोष्टीतून मी वेगळा धडा घेतो. जमीन घरची होती, पण तिथल्या अळंबीची ओळख कुणी पक्की केलेली नव्हती. गोळा करून आणली आणि शिजवली. मी नेमकं हेच करू नका म्हणतोय. 'आपली जमीन' म्हणजे खायचा परवाना असं मी कुठे म्हटलं? ती शिकायची जागा आहे, एवढंच.

ठशाचा मुद्दा मान्य. बीजाणू यांनी लिहिलं तसंच मीही करतो, अर्धा काळा कागद धरून.

आणि सावध_पाऊल, रोपांबरोबर बुरशी येते हे खरं. पण म्हणूनच प्रत्येक अळंबी, दरवेळी, बुडापासून तपासायची. 'मागच्या वर्षी इथलीच खाल्ली होती' हा पुरावा मी कधीच धरत नाही.

मातीमोल:

'मागच्या वर्षी खाल्ली होती' यावरूनच लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली आहे. जात अचूक ओळखली, तरी ती खाण्याजोगी आहे हे मत बदलू शकतं. पॅक्सिलस इन्व्होल्यूटस ही अळंबी युरोपात लोक शिजवून खात. जर्मन बुरशीतज्ज्ञ युलियस शेफर यांनी १९४४ मध्ये ती खाल्ली आणि त्यातच ते गेले. ओळखण्यात ते चुकले नव्हते. नंतर कळलं की वारंवार खाल्ल्यावर काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि पुढच्या एखाद्या जेवणानंतर लाल रक्तपेशी फुटू लागतात. म्हणजे आधी किती वेळा पचली याला काही अर्थच नाही. ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रेची तर खवय्यांत ख्याती होती. फ्रान्समध्ये ती लागोपाठ अनेक जेवणांत भरपूर खाल्लेल्या १२ जणांचे स्नायू झिजले, त्यांतले तीन दगावले, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं.

शिवाय माती. अळंबी मातीतले जड धातू शोषून साठवते. अगॅरिकस कुळातल्या काही जाती कॅडमियमसाठी बदनाम आहेत. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर युरोपातल्या जंगली अळंब्यांमध्ये किरणोत्सारी सीझियम कित्येक वर्षं सापडत राहिलं. जमीन तुमची आहे, पण तुमच्या आधी तिथे काय पुरलं, काय फवारलं हे ठाऊक आहे? रस्ता किती जवळ आहे? मी स्वतः खातो, पण रस्त्याकडेच्या पट्ट्यातलं नाही, आणि एका हंगामात फार वेळा नाही.

सावध_पाऊल:

मातीमोल, तुम्ही खाणाऱ्यांच्या गटातले असून माझीच बाजू मजबूत केलीत, आभारी आहे. :)

रानवेडा, तुम्ही शिस्तीचे आहात हे दिसतंय. पण असे धागे वाचून खाणारे सगळे तसे नसतात. ते फक्त "स्वतःच्या जमिनीतली चालते" एवढंच लक्षात ठेवतात.

किरकोळ_शंका:

मीच तो. धागा वाचता वाचता बाहेर जाऊन आलो. झाडाखाली पांढरे गोळे आले आहेत, दोन दिवस मी त्यांना पफबॉल, म्हणजे देठ-छत्री नसलेली गोल अळंबी, समजून होतो. एक उभा चिरला. आत एकसारखं पांढरं नाही, छोट्या छत्रीची आणि देठाची पुसट रेघ दिसतेय.

बीजाणू:

मग तो पफबॉल नाही. पफबॉल आतून पनीरसारखा सलग पांढरा असतो, रेघ नाही, पोकळी नाही. छत्रीची रेघ म्हणजे न उघडलेलं बोंड, अमानिटाचंही असू शकतं. खाऊ नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. नुसतं हाताळल्याने विष भिनत नाही, हात धुतले की झालं. एखादं जागेवरच ठेवा आणि उघडल्यावर बुडासकट उकरून बघा, शिकायला मिळेल.

रानवेडा:

हेच तर म्हणत होतो! चिरून बघितलं म्हणून कळलं.

सावध_पाऊल:

चिरून बघितलं म्हणून कळलं, मान्य. पण पफबॉल उभा चिरायचा असतो, हे त्यांना आज सकाळी माहीत नव्हतं आणि गोळे दोन दिवस तिथेच होते.