नव्या संसाराला बिडाचा तवा की नॉनस्टिक?

रानजाई: "नव्या संसाराला इंडक्शन, एक नॉनस्टिक पॅन आणि चॉपर पुरे, लोखंड-बीड म्हणजे मिरवण्याचा सोस" हा कालचा लेख वाचून डोकं फिरलं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा मिरवायला कोण घेतं? एकदा तेल मुरलं की घावन कडेने आपसूक सुटतं. वजनामुळे ताप टिकतो, दुसरं घावन घालताना तवा थंड पडत नाही. तुमच्या इंडक्शनवरही बीड चालतं. साधं अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. भाकरीसाठी तवा रिकामा तापवावा लागतो, आणि 260 अंश सेल्सिअसच्या पुढे नॉनस्टिकचा थर बिघडायला लागतो. हे त्या लेखात कुठे आहे?

तिसरा_मजला: लेख माझाच. भाड्याची एक खोली, दोघं नोकरीला, ओटा वीतभर. तो जड तवा घासून, पुसून, तेल लावून ठेवायला वेळ कुणाला आहे? रात्री ओला राहिला की सकाळी गंज. लोखंडी कढईत चिंचेची आमटी करून बघा, काळी पडते आणि चव बिघडते ती वेगळीच.

भाकरीवाली: आमटी लोखंडात करा असं म्हटलंय कुणी? तिला स्टीलचं पातेलं आहे. मला राग चॉपरचा आहे. दोरी ओढली की कांद्याचा लगदा होतो, पाणी सुटतं. भज्यांना उभा चिरलेला कांदा त्यातून काढून दाखवा. विळी घ्या! दोन्ही हात भाजीला मोकळे, आणि टोकाला खवणी असली की नारळाचीही सोय.

सुरी_सोलापूर: विळी कसली घ्या? माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला खाली बसता येत नाही. घरात रांगतं पोर, आणि जमिनीवर उघडं पातं!

भाकरीवाली: विळी मिटते. ओट्यावर ठेवायचीही मिळते. पोरंबाळं असलेल्या घरांत विळ्या नव्हत्या का?

सुरी_सोलापूर: होत्या, म्हणून सगळं बरोबर? बहिणीच्या अंगठ्याला टाके पडले ते मिटतानाच. तुमच्या घरी कुणाला लागलं नाही, हा पुरावा होत नाही.

मालवणचो_झील: सुरीने अख्खी सुरमई कापून दाखवा आधी. आमच्याकडे आडाळ्यावर, म्हणजे मालवणी विळीवर, मासा दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबतात, तुकडी सरळ पडते. घरगुती सुरी मधल्या काट्यावर अडते आणि मास चेंगरतं.

सुरी_सोलापूर: आम्ही मासे बाजारातूनच कापून आणतो. सोलापुरात रोज सुरमई कोण कापतंय?

रानजाई: तव्याबद्दल कुणी बोलणार आहे का?

तिसरा_मजला: बोलतो. भाकरी नॉनस्टिकवर करू नये, एवढं मान्य. पत्र्याचा लोखंडी तवा यादीत घालतो, हलका आहे, स्वस्त आहे. बीड घालणार नाही, आणि चॉपर काढणार नाही.

रानजाई: पातळ पत्र्याच्या तव्यावर घावन मध्ये करपतं, कडेला कच्चं राहतं. भाकरीपुरता घाला. पण "मिरवण्याचा सोस" हे शब्द लेखातून काढा, माझं भांडण त्यावरच आहे.

भाकरीवाली: आणि विळी?